टर्मिनल काढलं की लाइट जाते, बिघाड नाही

‘चेक इंजिनची लाइट लागली? गॅरेजवाल्याला पैसे देऊ नका. बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल १५ मिनिटं काढून ठेवा, लाइट गायब!’ हा मेसेज जुन्या गाड्यांच्या ग्रुपवर जोरात फिरतोय. खाली आणखी चार सल्ले जोडलेत.

लाइट जाते, हे खरंय. १० नंबरचा पाना फिरवला की बऱ्याच जुन्या गाड्यांच्या ईसीयूमधला, म्हणजे इंजिनच्या कंप्युटरमधला, बिघाडाचा कोड पुसला जातो. पण बिघाडाच्या क्षणी आरपीएम किती होता, इंजिन किती तापलं होतं, ही नोंदही त्याच्याबरोबर जाते. मेकॅनिकला नेमकी तीच हवी असते. मूळ दोष तसाच असेल तर लाइट परत येणारच.

‘पेट्रोलचं झाकण घट्ट करा.’ हा सल्ला अमेरिकेतून उचललेला. तिकडच्या गाड्या टाकीतून वाफ गळते का, हे तपासतात. आपले नियम युरोपच्या वळणाचे. त्यात ही तपासणी सक्तीची नव्हती. झाकण बघा जरूर, आशा ठेवू नका.

‘ऑक्सिजन सेन्सर बदला.’ का म्हणून? स्कॅनरवर पी०१७१ कोड दिसला, तर तो हवा-पेट्रोलच्या मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय एवढंच सांगतो. जुन्या गाडीत कडक होऊन चिरलेला व्हॅक्यूम पाइपही त्याला पुरतो. आधी पाइप तपासा.

‘गाडी चालतेय तोवर चालवा.’ हा सल्ला सगळ्यात महागात पडेल. लाइट स्थिर असेल तर सावकाश गॅरेज गाठता येतं. लुकलुकत असेल तर इंजिन जोरात मिसिंग करतंय, म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाहीये. न जळलेलं पेट्रोल धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातं आणि कन्व्हर्टर जळतो. पी०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरचं मिसिंग. प्रत्येक प्लगवर ठिणगीसाठी वेगळी कॉइल असेल तर इंजिन बंद करून पहिली आणि दुसरी कॉइल अदलाबदल करा, कोड पुसा, पुन्हा स्कॅन करा. पी०३०२ आला तर कॉइलच गेलीय. पी०३०१ च राहिला तर प्लग, इंजेक्टर बघा. आणि लाल ऑइलची लाइट? तिथल्या तिथे बाजूला घेऊन इंजिन बंद. ती लाइट ऑइलचा दाब सांगते, त्यामुळे डिपस्टिकवर ऑइल पुरेसं दिसलं तरी पुन्हा स्टार्ट मारू नका, टो करा.

शेवटचा सल्ला तर निव्वळ लबाडीचा: ‘गाडी विकण्याआधीही हे करा.’ कोड पुसल्यावर ओबीडी-२ (स्वतःचे बिघाड स्वतः तपासण्याची यंत्रणा) असलेल्या गाडीला स्कॅनर लावला की अंतर्गत चाचण्या ‘अपूर्ण’ दिसतात आणि कोड नुकताच पुसल्याचा संशय येतो. घेणाऱ्याने नुसती चावी ऑन करावी. इंजिन सुरू होण्याआधी चेक इंजिनची लाइट लागलीच पाहिजे; नाही लागली तर बल्ब काढलाय का, हे विचारा.