युरोपने हॉलिवूडला दार बंद केलेलं नाही

मल्टिप्लेक्सवाल्यांनी मराठी चित्रपटाचे शो काढले की व्हॉट्सअ‍ॅपवर एक मजकूर फिरायला लागतो. ‘युरोपने 1989 मध्ये कायदा करून थिएटरात आणि टीव्हीवर निम्म्याहून जास्त युरोपीय चित्रपट सक्तीचे केले. 1993 मध्ये सगळा युरोप एकजुटीने उभा राहिला, संस्कृती जागतिक व्यापार करारातून कायमची बाहेर काढली आणि हॉलिवूडला दार बंद केलं.’ मराठी चित्रपटाला पडदे मिळालेच पाहिजेत, असं माझंही ठाम मत आहे. म्हणूनच हे लिहितोय. असा दाखला घेऊन सरकारदरबारी गेलात, तर समोरचा पहिल्याच प्रश्नात तो खोडून काढेल.

थिएटरचा मुद्दा लगेच निकालात निघतो. 1989 चा तो कायदा म्हणजे युरोपीय समुदायाने सदस्य देशांना दिलेला निर्देश. तो टीव्ही प्रसारणापुरता होता, थिएटरांचा त्यात संबंधच नाही.

टीव्हीवरची ‘सक्ती’ही वाटते तशी नाही. बातम्या, खेळ, गेम शो, जाहिराती आणि टेलिटेक्स्ट वगळून उरलेल्या वेळेचा मोठा हिस्सा युरोपीय कार्यक्रमांना द्यायचा, तोही ‘जिथे व्यवहार्य असेल तिथे’. ही पळवाट चुकून राहिलेली नाही. फ्रान्सला पक्का कोटा हवा होता, ब्रिटनसारख्या देशांना नको होता. तडजोड म्हणून हे शब्द आले. एवढं करूनही बेल्जियम आणि डेन्मार्कने विरोधात मत दिलं. एकजुटीची गोष्ट इथेच संपते.

आता 1993. जागतिक व्यापार कराराच्या वाटाघाटींच्या, म्हणजे उरुग्वे फेरीच्या, शेवटच्या दिवसांत अमेरिकेचे व्यापार प्रतिनिधी मिकी कँटर आणि युरोपचे व्यापार आयुक्त लिऑन ब्रिटन यांची चित्रपट-टीव्हीवरून जोरदार खेचाखेच झाली. 15 डिसेंबरची मुदत आली, तोडगा निघाला नाही. मग विषय करारातून बाहेर गेला का? नाही. सेवा-व्यापाराच्या करारात तो आजही आहे. युरोपने त्यात बाजार खुला करण्याचं वचन दिलं नाही, एवढंच. हे ‘कायमचं’ असतं, तर जून 2013 मध्ये फ्रान्सला तीच लढाई पुन्हा लढावी लागली नसती. अमेरिकेशी नव्या व्यापार कराराची बोलणी सुरू व्हायची होती आणि चित्रपट-टीव्ही त्यातून वगळल्याशिवाय फ्रान्स संमती देईना. युरोपच्या वतीने ही बोलणी करणाऱ्या युरोपीय आयोगाचे तेव्हाचे अध्यक्ष बारोसो यांनी खुद्द या भूमिकेला प्रतिगामी म्हटलं. शेवटी फ्रान्सचं ऐकलं गेलं, तरी पुढे वाटल्यास आयोगाने पुन्हा परवानगी मागावी, ही वाट मोकळीच ठेवली.

आणि दार बंद? पॅरिसमध्ये हॉलिवूडचे चित्रपट राजरोस लागतात, गर्दीही खेचतात. फ्रान्सने वेगळी गोष्ट केली, आणि फॉरवर्डमध्ये नेमकी तीच नाही. थिएटरच्या प्रत्येक तिकिटावर 10.72 टक्के कर आहे. चित्रपट अमेरिकन असो वा फ्रेंच, हा पैसा राष्ट्रीय चित्रपट केंद्राकडे जातो आणि तिथून निर्मिती, वितरण, छोटी थिएटरं यांना मिळतो. म्हणजे अमेरिकन चित्रपट जितका चालेल, तितकी फ्रेंच चित्रपटाच्या निधीत भर. 2018 मध्ये युरोपने टीव्हीचा तो निर्देश सुधारला, तेव्हा ओटीटीच्या यादीत किमान 30 टक्के युरोपीय कार्यक्रम हवेत असं ठरलं, आणि परदेशातून सेवा देणाऱ्या कंपन्यांकडूनही स्थानिक निर्मितीसाठी पैसे वसूल करायची मुभा देशांना मिळाली.

मराठीसाठी मागणी लिहिताना युरोपचा दाखला जरूर द्या, पण या तिकीट-कराचा आणि ओटीटी कंपन्यांकडून स्थानिक निर्मितीसाठी घेतल्या जाणाऱ्या पैशांचा द्या.