आडवी करून पाहिलीत का?

गेल्या रविवारी आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये माझ्या मोटारसायकलचा भाव ठरला. ती मी विकायला काढलेली नव्हती, भाव मी विचारलेला नव्हता, आणि घासाघीस चालू असताना मी तिथून चार हातांवर दुसऱ्याच्या मोटारीखाली पोटावर पडलेलो होतो. घासाघीस करत होते ते दुसऱ्या मजल्यावरचे काका आणि त्यांनी फाटकातून आत बोलावलेला भंगारवाला. माझे मत दोघांनाही आवश्यक वाटले नाही.

गाडी म्हणजे कावासाकी-बजाज केबी 100. बजाजने ती 1986 मध्ये बाजारात आणली, पुढे काही वर्षांनी माझ्या मामाने घेतली, आणि मामाचे गुडघे व गाडीचे इंजिन साधारण एकाच सुमारास धरल्यामुळे ती पडवीत उभी राहिली ती राहिलीच. मी ती टेम्पोत घालून पुण्याला, कोथरूडला आणली. स्वतः दुरुस्त करण्यात हौस होती हे खरे, पण नाइलाजही होता. आमच्या भागातल्या गॅरेजांत टू-स्ट्रोक म्हटले की तिथली मुले गाडीकडे न बघता आपल्याकडे बघतात आणि "साहेब, एखादी इलेक्ट्रिक घेऊन टाका ना," असे इतक्या मायेने सांगतात की धड रागावताही येत नाही. नाना पेठेत सुट्या भागांची दुकाने अजून आहेत; तिथे "कंपनीचे आहे का?" असे विचारले की "कंपनीचेच आहे" असे उत्तर मिळते, आणि कोणत्या कंपनीचे हे गिऱ्हाइकाने विचारायचे नसते. पिस्टनचा संच एका दुकानात, गॅस्केट दुसऱ्यात आणि क्लचची केबल "पुढच्या आठवड्यात या"मध्ये, अशी माझी खरेदी झाली. सिलिंडर बोअर करून, म्हणजे आतून कापून नव्या पिस्टनच्या मापाचा करून, देणारा कारागीर मात्र उत्तम भेटला. त्याने काम चोख केले आणि आपल्यानंतर हे काम करणारे कोणी नाही, हेही पैसे घेताना सांगितले.

हे सगळे सुसह्य होते. असह्य होते ते काका.

काका एका मोठ्या कारखान्याच्या तपासणी विभागातून निवृत्त झाले आहेत आणि निवृत्तीला बरीच वर्षे उलटूनही तपासणी थांबलेली नाही. मी पार्किंगमध्ये वर्तमानपत्र पसरून पाने-पक्कड मांडली की ते घरून प्लास्टिकची खुर्ची आणि स्वतःपुरता चहा घेऊन खाली येतात. ऐन उमेदीत त्यांनी चेतक स्कूटरसाठी नाव नोंदवले होते आणि ती मिळेपर्यंत कित्येक वर्षे वाट पाहिली होती. एवढी वाट पाहून मिळालेल्या वस्तूबद्दल माणसाची श्रद्धा पक्की होते. चेतक सुरू झाली नाही की तिला एका अंगावर कलती करायची आणि मग किक मारायची, हा उपाय त्या काळी घरोघर ठाऊक होता. काकांच्या मते तो उपाय चेतकपुरता नसून यंत्रशास्त्राचा मूळ नियम आहे.

"आडवी करून पाहिलीत का?" त्यांनी त्या रविवारी बसता बसता विचारले.

"काका, इंजिन उघडलेले आहे. सिलिंडर इथे आहे, आणि हा माझ्या हातात पिस्टन."

"ते मला दिसतेय. उघडण्याआधी केली होतीत का?"

"नाही."

"मग तिथेच मिटले असते."

मी त्यांना शांतपणे समजावून सांगितले की या गाडीचा कार्ब्युरेटर चेतकसारखा नाही. तो इंजिनाच्या उजव्या झाकणाच्या आत बसतो, आणि तिथून पेट्रोल-हवेचे मिश्रण एका फिरत्या चकतीच्या खाचेतून, खाच समोर येईल तेवढाच वेळ, क्रँककेसमध्ये, म्हणजे सिलिंडरखालच्या इंजिनाच्या पोटात, शिरते. शिवाय पिस्टन सिलिंडरमध्ये गंजून घट्ट बसलेला होता. प्लगच्या भोकातून डिझेल सोडून तो रात्रभर भिजत ठेवावा लागला, तेव्हा कुठे हलला. अशा पिस्टनला गाडी आडवी आहे की उभी, याने काही फरक पडत नाही. काकांनी हे सगळे ऐकून घेतले, चहाचा घोट घेतला आणि म्हणाले, "कोणत्या बाजूला आडवी करायची, हेही महत्त्वाचे असते."

त्यानंतर तपासणी सुरू झाली. मी पिस्टनवर चढवायची नवी रिंग पाकिटातून काढली तेव्हा त्यांनी हात पुढे केला, आणि वयाचा मान ठेवून मी ती त्यांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी ती चष्म्याच्या वर धरून पाहिली, चष्म्याच्या खालून पाहिली आणि परत केली.

"तुटलेली आहे. बदलून आणा."

"तुटलेली नाही. रिंगला फट असतेच. इंजिन तापले की रिंग पसरते, तिला जागा लागते."

"मग ती सुरुवातीलाच बरोबर मापाची का करत नाहीत?"

"शिवाय फट नसेल तर ती पिस्टनवर चढवणार कशी?"

"ते बनवणाऱ्याने बघायचे. आमच्याकडे असला माल आला असता तर अख्खी पेटी परत गेली असती."

पिस्टनच्या खोबणीत एक बारीकशी खुंटी असते आणि रिंगची दोन्ही टोके तिच्याशीच यावी लागतात, नाहीतर रिंग फिरते, तिचे टोक सिलिंडरच्या भिंतीतल्या पोर्टमध्ये, म्हणजे वायू ये-जा करण्याच्या भोकात, अडकते आणि मोडते. हे काम श्वास रोखून करण्याचे आहे. मी ते करत असताना काका फाटकाशी आलेल्या दूधवाल्याला "तुटकी रिंग बसवतायत" असे सांगत होते.

मग वेळ आली पिस्टनच्या पिनेच्या लॉकची. हा लॉक म्हणजे नखभर आकाराचे, तारेचे कडे असते. ते नोज प्लायरने दाबून पिनेच्या टोकाशी खोबणीत बसवायचे आणि त्याआधी क्रँककेसच्या तोंडात कापड कोंबायचे, म्हणजे ते निसटले तरी इंजिनाच्या पोटात जाणार नाही. मी कापड कोंबलेले होते. म्हणून लॉक निसटला तो बाहेरच्या बाजूला उडाला, फरशीवर एकदा टणत्कारला आणि शेजारच्या मोटारीखाली दिसेनासा झाला.

"कापड नसते," काका म्हणाले, "तर निदान आपल्याच गाडीत राहिला असता."

ती मोटार काकांचीच. तिच्याबद्दल थोडे सांगणे भाग आहे. करड्या रंगाचे कव्हर घातलेली ही मोटार टाळेबंदीच्या आधी शेवटची हलली असावी. चारही चाकांतली हवा गेलेली आहे, कव्हरवर मांजरांची एक पिढी जन्मून मोठी झाली आहे, आणि तिच्या पुढच्या चाकामुळे सोसायटीच्या पाण्याच्या टाकीचे झाकण पूर्ण उघडत नाही. तरीही पार्किंगमधील अडगळीचा विषय निघाला की सगळ्यांची नजर माझ्या गाडीकडे वळते, कारण माझी उघडी आहे आणि तिच्या शेजारी घाम गाळणारा एक माणूस बसलेला असतो. वस्तू झाकून ठेवली आणि तिला हातच लावला नाही की ती मालमत्ता ठरते. दुरुस्त करायला घेतली की पसारा. हा न्याय मला अजून पचलेला नाही.

कव्हरला हात लावायचा नाही, या अटीवर मला मोटारीखाली शिरण्याची परवानगी मिळाली. मोबाइलच्या उजेडात मला धूळ, वाळलेली पाने आणि एक क्रिकेटचा चेंडू दिसला. लॉक दिसला नाही. दुसरा लॉक नाना पेठेत, आणि ते दुकान रविवारी बंद. माझे फक्त पाय बाहेर असलेले पाहून काकांना माझी दया आली असावी, कारण नेमक्या त्या वेळी रस्त्यावरून भंगारवाल्याची हाक आली आणि त्यांनी ती मनावर घेतली.

"इंजिन उघडलेलं हाय," भंगारवाल्याचा आवाज मला ऐकू आला. "तीन हजार."

"टायर बघा की. साडेतीन करा."

"कागद हायेत का?"

"असतील. त्यांना विचारतो. बत्तीसशेला द्या सोडून."

मी मागे सरकत बाहेर आलो तेव्हा काकांच्या चेहऱ्यावर माझे दोनशे रुपये वाढवून दिल्याचे समाधान होते. मी गाडी विकायची नाही असे सांगितले, आणि काय शोधतो आहे तेही सांगितले. भंगारवाल्याने एकदा गाडीकडे पाहिले. "केबी ना? हिचा कार्ब्युरेटर झाकणात असतोय," तो म्हणाला, आणि लोखंड कोणते, पितळ कोणते हे तपासायला तो दोरीला बांधून जवळ ठेवतो ते लोहचुंबक त्याने मोटारीखाली सोडून दोन-तीनदा ओढले. चुंबकाला चिकटून माझा लॉक आला, एक खिळा आला आणि मोटारीच्या तळाचे, तळहाताएवढे, गंजाचे पापुद्रे आले. ते पापुद्रे त्याने बोटांत चुरून पाहिले, कव्हरकडे पाहिले आणि व्यवसायाला साजेशा गांभीर्याने विचारले, "आजोबा, ही पण द्यायची का?"

"ती चालू आहे!" काका खुर्चीतून उठले. "गाडी पूर्ण चालू आहे. आम्ही चालवत नाही, एवढेच."

"हवा न्हाई तिच्यात."

"हवा भरता येते!"

भंगारवाला माझ्याकडून चहाचेही पैसे न घेता निघून गेला. त्या दिवशी माझ्या इंजिनाला मदत करणारा तो एकमेव माणूस, आणि त्याचा धंदा ते मोडीत घेण्याचा.

गाडी पुढे सुरू झाली. पहिल्या टाकीला तेल मुद्दाम जास्त घातले होते, त्यामुळे धूर झाला आणि तो खालच्या मजल्यांच्या गॅलऱ्यांपर्यंत गेला. धुराची तक्रार खोटी आहे असे मी म्हणणार नाही. टू-स्ट्रोक इंजिनात तेल पेट्रोलबरोबरच जळते, आणि ताजे मिश्रण थोडेसे न जळताच सायलेन्सरवाटे निघून जाते. प्रदूषणाचे नियम कडक होत गेले तशा या गाड्या बाजारातून गेल्या त्या याच कारणाने. पण 15 वर्षांवरची गाडी म्हणून मी नोंदणीचे नूतनीकरण करतो, ते दर 5 वर्षांनी करावे लागते, आणि पर्यावरण कर वेगळा भरतो. काकांच्या मोटारीनेही 15 वर्षे ओलांडली आहेत. ती रस्त्यावरच येत नसल्याने तिच्या कागदांची चौकशी कोणी करत नाही. काकांनी मात्र दुसऱ्या मजल्यावरून ओरडून विचारले, "आडवी केलीत ना शेवटी?" आणि मी इंजिनाच्या आवाजात "काय?" असे विचारले ते त्यांनी होकार म्हणून घेतले. आता ही दुरुस्ती त्यांच्या सल्ल्याने झाल्याचे जिन्यात सांगितले जाते.

धूर कव्हरवर बसला, सबब कव्हर धुऊन मिळावे, असा त्यांचा लेखी अर्ज त्याच संध्याकाळी सोसायटीकडे गेला. मीही टाकीचे झाकण अडवणाऱ्या मोटारीबद्दल अर्ज दिला. सचिवांनी दोन्ही अर्ज ठेवून घेतले. वार्षिक सभा नियमाप्रमाणे 30 सप्टेंबरच्या आत होईल आणि मोटारीचा विषय अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणाऱ्या विषयांत, वेळ उरल्यास, घेता येईल असे त्यांनी सांगितले. धुराचा विषय कार्यपत्रिकेवर चौथ्या क्रमांकाला छापून झाला आहे.