म्हणे, डिझाईन शिकवून लेकरांचं वाटोळं होतं!

"पालकांनो, सावध व्हा! डिझाईनच्या नादी लागून लेकरांचं वाटोळं करू नका." या मथळ्याचा एक लांबलचक मेसेज सध्या यवतमाळ-वाशीमकडच्या ग्रुपांवर फिरतो आहे. शेतकऱ्यांचा ग्रुप, भजनी मंडळाचा ग्रुप, शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा ग्रुप, कुठलाही उघडा, तो आहेच. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: जाहिराती, पोस्टर, पाकिटं, ॲप यांचं डिझाईन शिकणं हा श्रीमंतांचा शौक आहे. सरकारी कॉलेज नाहीच, चार वर्षांचे 15-20 लाख लागतात. वर सायन्स आणि फाडफाड इंग्रजी पाहिजे. एवढं करून पोरगं शिकून बाहेर पडेपर्यंत एआयने हा धंदा खाल्लेला असेल. खेड्यात तर या शिक्षणाचा काडीचा उपयोग नाही. आणि मुलींसाठी हे क्षेत्रच नव्हे.

मी नागपूरला एका छापखान्यात हेच काम करते. असले मेसेज वाचायचे आणि पुढे सरकायचं, हा माझा नेम. पण हा पाठवला आमच्या भाऊजींनी. माझी भाची आर्णीकडे बारावीला आहे, कॉमर्सला. चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेला ए ग्रेड आहे आणि तिला अप्लाइड आर्ट, म्हणजे हेच जाहिरात-पोस्टरांचं डिझाईन, करायचं आहे. मेसेजखाली भाऊजींनी लिहिलं, "वाच, अन् पोरीले समजाव. सारे हेच सांगून राहिले." वाचला. समजवायचं कोणाला, ते आता बघू.

आधी ते 15-20 लाख. हा आकडा हवेतून आलेला नाही, एवढं कबूल करते. खाजगी डिझाईन संस्थांत तेवढा खर्च सहज होतो, आणि अहमदाबादची एनआयडी ही डिझाईनची संस्था केंद्र सरकारची असूनही तिची फी वर्षाला लाखांतच जाते. पण ती फी दाखवून 'सरकारी कॉलेज नाहीच' असं सांगणं म्हणजे विमानाचं तिकीट दाखवून एसटी बंद पडली म्हणून सांगणं. महाराष्ट्र सरकारचं कला संचालनालय नावाचं एक खातं आहे. आपली पोरं शाळेत एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसतात, त्या परीक्षा घेणारं तेच. त्याच खात्याचं नागपुरात शासकीय चित्रकला महाविद्यालय आहे. बारावीनंतर चार वर्षांची बीएफए ही कलेची पदवी, आणि त्यात अप्लाइड आर्ट ही शाखा. मेसेजवाला ज्याला 'डिझाईन' म्हणून घाबरवतो आहे, ते आपल्याकडे या नावाने कधीचं शिकवतात. मुंबईच्या जे.जे.त तर याचा वर्ग 1935 पासून आहे. (जे.जे.ला 2023 मध्ये अभिमत (डीम्ड) विद्यापीठाचा दर्जा मिळाला, त्यामुळे तिथली फी आणि प्रवेशाचे नियम वेगळे बघून घ्या.) नागपूरची फी हजारांत मोजायची असते, लाखांत नाही.

आणि मुलगी असेल तर तेही सगळं भरायचं नाही. 8 जुलै 2024 चा शासन निर्णय आहे, शासनाच्या संकेतस्थळावर कोणालाही उघडता येतो. ज्या कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांपर्यंत आहे, अशा ओबीसी, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण शुल्कात आणि परीक्षा शुल्कात 100 टक्के सवलत, 2024-25 या वर्षापासून. आधी ती 50 टक्के होती. एससी-एसटीच्या मुलामुलींसाठी वेगळ्या योजना पूर्वीपासून आहेतच. या निर्णयातली अट मात्र लाल शाईने अधोरेखित करून ठेवण्यासारखी आहे: प्रवेश केंद्रीभूत, म्हणजे राज्याच्या एकत्रित, प्रक्रियेतून झालेला हवा, आणि खाजगी अभिमत विद्यापीठं व स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं यातून वगळलेली आहेत. कला संचालनालय उच्च व तंत्रशिक्षण विभागाखाली येतं आणि बीएफएचे प्रवेश राज्याच्या सीईटी (प्रवेश परीक्षा) सेलकडून त्या केंद्रीभूत प्रक्रियेनेच होतात. म्हणजे तीच पोरगी नागपूरच्या सरकारी कॉलेजात गेली तर बापाच्या खिशातून शिक्षण शुल्काचा रुपया जात नाही, आणि 'सरकारी नाहीच' यावर विश्वास ठेवून एखाद्या चकचकीत खाजगी विद्यापीठात गेली तर पूर्ण फी बापाच्या बोकांडी. हा मेसेज नेमकं हेच नुकसान करतो. त्यात पैसा किती लागतो हे चुकीचं सांगितलंय, ते एक वेळ सोडून देऊ. पण जिथे पैसा लागत नाही तो रस्ताच त्याने पुसून टाकला आहे.

राहण्या-खाण्याचा खर्च उरतो, तो थोडाथोडका नाही. खोली, मेस, कागद, रंग, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी कॉम्प्युटर. त्यासाठी ओबीसी-भटक्यांना ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे, अनुसूचित जातींना स्वाधार, आदिवासी मुलांना स्वयम्, आणि आपल्या पापळच्या डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावाची वसतिगृह निर्वाह भत्त्याची योजना आहे. प्रत्येकीच्या अटी वेगळ्या, कागदपत्रं भरपूर, आणि पैसा खात्यात पडतो तेव्हा निम्मं वर्ष सरलेलं असतं. पण पडतो.

एक गोष्ट खरी आहे, आणि ती मेसेजमध्ये नेमकी नाही. जागा थोड्या आहेत. मेळघाटापासून सिरोंच्यापर्यंतच्या पोरांनी सरकारी म्हणून बघायचं ते एका नागपूरकडेच. विदर्भाच्या अकरा जिल्ह्यांत आणखी एखादं असं कॉलेज का नाही, असा मेसेज कोणी लिहिला असता तर मी स्वतः शंभर ठिकाणी पाठवला असता.

इंग्रजी आणि सायन्सचं लवकर आटोपते. बीएफएला बारावीची कुठलीही शाखा चालते. सीईटीतले तीन पेपर हाताने चित्र काढायचे असतात: वस्तुचित्र, संकल्पचित्र आणि स्मरणचित्र. चौथा सामान्य ज्ञानाचा. आयआयटीच्या डिझाईनसाठी यूसीड नावाची प्रवेश परीक्षा द्यावी लागते आणि ती इंग्रजीत असते, हे बरोबर. पण यूसीड म्हणजे सगळं डिझाईन नव्हे. कामाला लागल्यावर इंग्रजी लागतं, ते चार वर्षं नागपुरात राहून येतं. मलाही तसंच आलं.

एआयचं म्हणाल तर अर्धं खरं आहे. वाढदिवसाचे फ्लेक्स, 'भावी सरपंच' वगैरे बॅनर आता पोरं मोबाईलवर करतात. ते काम गेलं. जाऊ द्या, ते शिकायला चार वर्षं कोणी देत नव्हतं. पण यवतमाळच्या कुठल्याही फ्लेक्सच्या दुकानात संध्याकाळी अर्धा तास उभं राहून बघा. गिऱ्हाईक व्हॉट्सॲपवर मजकूर पाठवतं. ऑपरेटर तो कोरल या डिझाईनच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या व्हर्जनमध्ये चिकटवतो आणि 'हार्दिक'चा रफार सुटून र पाय मोडून बाजूला उभा राहतो, वेलांटी द च्या पलीकडे जाऊन बसते. ऑपरेटर शिव्या देत श्री-लिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये सगळं पुन्हा टाईप करतो, फाईल कर्व्ह करतो (अक्षरांचं चित्र करून टाकतो) आणि मशीनला लावतो. एआयने काढलेल्या पोस्टरवर अजूनही जोडाक्षरांचा असाच खेळखंडोबा होतो. तो सुधारेल उद्या. पण अक्षर कसं बसतं हे माहीत असलेलं माणूस तेव्हाही लागेल. विंडोजवर वर्षानुवर्षं आपण जी मराठी वाचली, तो मंगल फॉन्ट र. कृ. जोशींचा. जाहिरातीच्या क्षेत्रात काम केलेला आणि पुढे आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाईनच्या विभागात शिकवलेला माणूस. 2014 साली स्वच्छ भारतचं गांधीजींच्या चष्म्याचं बोधचिन्ह निवडलं गेलं, ते कोल्हापूरच्या अनंत खासबारदारांचं. दिल्ली-मुंबईच्या एजन्सीतून ते आलेलं नाही.

आता ज्या वाक्याने माझं डोकं सणकलं ते: "खेड्यात या शिक्षणाचा काडीचा उपयोग नाही."

हे वाक्य यवतमाळ जिल्ह्यात फिरावं! घरच्या कोठ्यात जा आणि कीटकनाशकाचा डबा हातात घ्या. त्यावर एक तिरका चौकोन असतो. वरच्या अर्ध्यात इशारा, खालच्या अर्ध्यात रंग. लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, शेवटी हिरवा. 1971 च्या कीटकनाशक नियमांतली ही पद्धत आहे. आता ती शेतात कशी वाचली जाते ते ऐका. आमचे वडील सांगायचे, "हिरव्याचं औषध साधं असते, त्याले तोंडाले रुमाल नाही बांधला तरी चालते." सिग्नलला हिरवा म्हणजे जा, धुऱ्यावर हिरवा म्हणजे पीक, मग डब्यावरचा हिरवा म्हणजे 'हेही विषच, जरा कमी' असं कोणी का समजावं? निळा तर पाण्याचा रंग. सोबत घडी घातलेला एक कागद येतो, चार-सहा भाषांत, आणि मराठीच्या वाट्याला जी पट्टी येते तिच्यातली अक्षरं चष्मा लावूनही लागत नाहीत. त्यात लिहिलेलं असतं सगळं: किती मात्रा, हातमोजे घाला, वाऱ्याच्या दिशेने फवारा, उलटी झाली तर काय करायचं. कायद्याने लिहायचं ते लिहिलं, काम संपलं.

बरं, फवारणारा माणूस तो डबा बघतच नाही. औषध मालक ड्रममध्ये कालवतो, मजूर पंपात भरतो आणि पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत, शिरतो. म्हणजे सूचना डब्यावर असून काही उपयोग नाही. ती पंपावर पाहिजे, ड्रमवर पाहिजे, कृषी केंद्राच्या काउंटरवर पाहिजे, आणि अक्षरओळख नसलेल्या बाईलाही कळेल अशा चित्रात पाहिजे. ती कुठे लावायची, केवढी, कोणत्या चित्राची, कोणत्या बोलीत, आणि चार मजुरांना दाखवून त्यांना कळली का हे तपासून पुन्हा कशी बदलायची, हे ठरवणं म्हणजेच ते 'श्रीमंतांचं' डिझाईन. 2017 च्या पावसाळ्यात याच जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो लोक दवाखान्यात भरती झाले. दोष एकट्या लेबलाचा नव्हता. पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती, औषधं एकात एक कालवली जात होती, उकाडा होता, अंगावर संरक्षण नव्हतं, मोनोक्रोटोफॉससारखी जहाल औषधं सर्रास विकली जात होती. पण त्या मजुराला धोका समजेल अशा पद्धतीने कोणी सांगितलाच नव्हता, हेही त्यातलं एक कारण होतंच. ते सांगणं पुण्या-मुंबईच्या पोराला जमेल की पऱ्हाटीत वाढलेल्या पोरीला, याचा विचार भाऊजींनीच करावा.

रोजच्या धंद्याचंही सांगते. पूर्वेकडे वडसा-ब्रह्मपुरीत दिवाळीपासून होळीपर्यंत झाडीपट्टीची नाटकं चालतात, प्रत्येक प्रयोगाला पोस्टर लागतं, पत्रकं लागतात. बचत गटांच्या हळदीला-लोणच्याला पाकीट लागतं. शेतकरी कंपन्यांच्या डाळीला लागतं. आज ती पाकिटं कोणीतरी नेटवरून उचललेल्या चित्रांवर भागवतं आणि दुकानात ती मागच्या फळीला पडून राहतात.

मुलींच्या मुद्द्यावर फार बोलत नाही, माझाच तोल जाईल. रात्रीची कामं असतात म्हणे, लग्न जमत नाही म्हणे. मार्च एंडला आणि निवडणुकीत उशीर होतो, तो तर तलाठ्यालाही होतो. पोरगी दिवसभर वाकून कापूस वेचते, साप-विंचू बघत नाही, तेव्हा हे क्षेत्र मुलींसाठी आहे का असं कोणी ग्रुपवर विचारत नाही. आता सरकारने फी माफ केली, एसटीने 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट केलं, तर लगेच क्षेत्राची काळजी.

आणि भाऊजी, मेसेज शेवटपर्यंत वाचलात का? लांब मेसेजचा तळ 'आणखी वाचा'खाली दडलेला असतो. तो उघडलात तर दिसेल: "6 महिन्यांचा ग्राफिक डिझाईन व एआय कोर्स. 100 टक्के नोकरीची हमी. फी फक्त 65,000. हप्त्याची सोय." खाली मोबाईल नंबर. जो धंदा एआय खाणार, तोच धंदा हा गृहस्थ सहा महिन्यांत शिकवून नोकरीची हमी देतो आहे! जे चार वर्षांत शिकून खेड्यात उपयोगाचं नाही, ते सहा महिन्यांत शिकलं की उपयोगाचं होतं. आणि मुलींसाठी नसलेल्या क्षेत्राच्या जाहिरातीत फोटो तीन मुलींचा आहे. सॉफ्टवेअर सहा महिन्यांत येतं, त्याला माझी ना नाही. तेवढंच हवं असेल तर आयटीआयत डेस्कटॉप पब्लिशिंग ऑपरेटरचा ट्रेड असतो, जवळ कुठे चालतो ते विचारा. त्याला 65,000 लागत नाहीत.

तर कामाचं बोलते. तहसीलमधून उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रीमिलेअर या आठवड्यात सेतूत टाकून द्या, ऐन वेळी तिथे रांगा लागतात. जातीचा दाखला आणि डोमिसाईल आहेत का ते ताईला विचारा. बँक खात्याला आधार जोडलेलं आहे का तेही बघा, शिष्यवृत्तीच्या महाडीबीटी पोर्टलचं घोडं तिथेच अडतं. पोरीला स्मरणचित्राचा सराव चालू ठेवू द्या: बाजार, बसस्टँड, पोळा, जे रोज बघते ते. सीईटीचा फॉर्म निघाला की मी इथून भरते.