फाइलचं नाव एक, पॅकेजचं भलतंच

पुन्हा तेच! उबुंटू २४.०४ या लिनक्सच्या कोऱ्या कंटेनरमध्ये (मुख्य यंत्रणेपासून वेगळ्या, बंदिस्त जागेत) ओपनसीव्ही हे चित्रांवर काम करणारं सॉफ्टवेअर चालवायला घेतलं आणि पहिल्याच ओळीला अडलं: 'लिबजीएल.एसओ.१' ही लायब्ररीची (इतर प्रोग्रॅमना लागणाऱ्या तयार कोडची) फाइल उघडता येत नाही. अरे, पण ती येते कुठल्या पॅकेजातून, म्हणजे बसवायच्या कुठल्या गठ्ठ्यातून? जुन्या डॉकरफाइलमधलं (कंटेनर बनवायच्या सूचनांच्या फाइलमधलं) 'लिबजीएल१-मेसा-जीएलएक्स' या आवृत्तीत उरलेलंच नाही. आता नुसतं 'लिबजीएल१' हवं. ते टाकलं की पुढची रड, 'लिबजीथ्रेड-२.०.एसओ.०'. ही निघते जीलिब नावाच्या लायब्ररीच्या पॅकेजात, आणि त्याच्या नावाला आता 'टी६४' असं शेपूट जोडलंय, २०३८ सालच्या तारखांच्या घोळापायी (३२ बिटांत मोजलेली वेळ त्या साली संपते, म्हणून). कारण पटतं हो, पण माणसानं नावावरून ओळखायचं कसं?

कुठली फाइल कुठल्या पॅकेजची, हे 'डीपीकेजी -एस' (मोठ्या लिपीतला एस) या कमांडला विचारावं तर ते फक्त आधीच बसवलेल्या पॅकेजांत शोधतं. जे नाहीच, त्यासाठी काय उपयोग? 'एपीटी-फाइल' हे काम चोख करतं, पण आधी ते वेगळं बसवा, मग त्याची यादी उतरवा. फेडोरा या दुसऱ्या लिनक्समध्ये याच कामाचं 'डीएनएफ प्रोव्हाइड्स' हाताशीच असतं. डेस्कटॉपवर एखादी कमांड सापडली नाही तर हेच उबुंटू लगेच पॅकेज सुचवतं. लायब्ररीच्या वेळी मात्र तोंडात मिठाची गुळणी!