मावशी म्हणाल्या, ‘वासना यायलीय’

गेल्या वर्षीची, एप्रिल २०२५ ची गोष्ट आहे. वर्षभर लिहायचं टाळलं, कारण तिच्यात माझी चूक आहे. पण परत उन्हाळा आलाय. परवा एका ओळखीच्या ऑफिसात गेले, तर एकाच एक्स्टेन्शन बोर्डात कूलर, किटली आणि दोन चार्जर खोचलेले दिसले. घरी येऊन लिहायला बसले.

मी सोलापुरात अक्कलकोट रोडच्या बाजूला एका ऑफिसात हिशेब आणि डिस्पॅच बघते. टॉवेल-चादरींचा व्यवहार. चौदा माणसं, पुढे दोन खोल्या, मागे सॅम्पलची खोली. आमच्याकडे झाडलोट आणि चहापाणी बघणाऱ्या मावशी आहेत. माहेर-सासर दोन्ही तेलुगू, आयुष्याची वीस वर्षं विड्या वळल्या, मग बोटं दुखायला लागली म्हणून ऑफिसच्या कामाला लागल्या. घरात तेलुगू, शेजाऱ्यांशी कन्नड, आमच्याशी मराठी. सोलापुरात ही काही नवलाची गोष्ट नाही.

दुपारी साडेतीनला मावशी माझ्या टेबलाजवळ आल्या. म्हणाल्या, “ताई, सॅम्पलच्या खोलीत वासना यायलीय.”

शेजारी दोन नवी पोरं बसली होती, त्यातला एक पुण्याहून आलेला. दोघं फस्सकन हसली. मावशींचा चेहरा पडला. तेलुगूत वासाला ‘वासना’च म्हणतात, कन्नडमध्ये ‘वासने’. जन्मापासून सोलापुरात राहणाऱ्या मला हे माहीत होतं. तरी मीही हसले. म्हटलं, “बघते हं मावशी.” आणि जागची उठले नाही. ऑफिसच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर लिहिलं, ‘सॅम्पल रूममध्ये कसला तरी वास येतोय, कुणीतरी बघा.’

चार अंगठे आले. एक ‘ओके’ आलं. गेलं कुणीच नाही.

पंचवीस मिनिटांनी धूर पुढच्या खोलीत आला. साधा सहा अँपियरचा बोर्ड होता, त्यावर कूलर, दीड हजार वॅटची किटली आणि सॅम्पलला फिरवायची इस्त्री. सहा अँपियर गुणिले २३० व्होल्ट म्हणजे जेमतेम चौदाशे वॅट. एकटी किटलीच त्या बोर्डाला जड होती. पिनेपाशी प्लॅस्टिक वितळत होतं, त्याचाच तो वास. बोर्डाच्या वर खोकी आणि खोक्यांत सुती टॉवेल.

आम्ही उठेपर्यंत मावशी आत गेल्या होत्या. त्यांना वाटलं, पिन ओढली की भागेल. डावा तळहात भाजला.

पुढची पाच मिनिटं मी कधी विसरणार नाही. एकजण बादली घेऊन धावला. चालू विजेवर पाणी टाकायचं नसतं, हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही, पण त्या क्षणी आठवलं नाही. शेजारच्या शेडमधले वायरमन अण्णा ओरडले म्हणून तो थांबला. आग विझवायचं लाल सिलिंडर भिंतीला होतं, पण त्याच्यापुढे डिस्पॅचची पोती रचलेली. ती कुणी रचायला सांगितली होती? मी. मागच्या दाराला कुलूप, किल्ली वॉचमनकाकांकडे आणि काका जेवायला गेलेले. अण्णांनी मेन स्विच पाडला, पोती बाजूला ओढली आणि स्वतः सिलिंडर मारला. दोन खोकी आणि भिंतीचा रंग, एवढ्यावर निभावलं. मावशींच्या हातावर लावायला कुणीतरी टूथपेस्ट आणत होतं. तेही अण्णांनीच थांबवलं आणि त्यांचा हात नळाखाली धरून ठेवला. भाजल्यावर वीस मिनिटं नळाचं साधं गार पाणी सोडायचं असतं. बर्फ, पेस्ट, शाई यातलं काही नाही. मी हे चाळिशी ओलांडल्यावर शिकले.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी सगळ्यांना बसवलं. कुणाला काय माहीत होतं, विचारलं. मावशी म्हणाल्या, मी ताईंना सांगितलं. मी म्हटलं, मी ग्रुपवर सांगितलं. इलेक्ट्रिकचं बघणारा मुलगा म्हणाला, या बोर्डावर लोड नको हे मी फेब्रुवारीतच सांगितलं होतं. ज्याला सांगितलं तो म्हणाला, मी पुढे सांगितलं होतं. त्या खोलीत बसलेल्या प्रत्येकाने आपलं सांगायचं काम केलेलं होतं आणि तरीही एका बाईचा हात भाजला होता.

माझे वडील रेल्वेत होते. सोलापूर विभागातल्या छोट्या छोट्या स्टेशनांवर स्टेशन मास्तर म्हणून त्यांची नोकरी गेली. लहानपणी मी त्यांच्या टेबलाशी बसून अभ्यास करायचे. फाटकवाल्याला फोन लावून ते गाडी येतेय म्हणून सांगायचे. तिकडून नुसतं ‘बरं साहेब’ आलेलं चालायचं नाही. फाटकवाल्याने फाटक बंद करायचं आणि मग आपल्याजवळच्या छापील कागदावरचा एक आकडा सांगायचा. त्याला प्रायव्हेट नंबर म्हणतात. तो आकडा दोन्हीकडच्या वहीत चढायचा, आणि वापरलेला आकडा खोडायचा. आकडा आला नाही तर फाटक बंद आहे असं धरायचं नाही, मग फाटकवाला कितीही जुना आणि विश्वासाचा असो. मी एकदा विचारलं होतं, बाबा, तो रोज तर बंद करतो, मग रोज कशाला? ते म्हणाले, “तो बंद करतो हे मला माहितीय. आज केलंय का, हे मला त्याच्या तोंडून ऐकायचंय.”

इंजिनात दोघं असतात, ड्रायव्हर आणि त्याचा साहाय्यक. पुढचा सिग्नल दिसला की तो कोणता आहे हे दोघंही मोठ्याने एकमेकांना सांगतात. दोघांना दिसतोय, तरी बोलतात. चालत्या गाडीला दोन्ही बाजूंनी हिरवा झेंडा दाखवतात, तोही त्यासाठीच. स्टेशनवरचा माणूस दाखवतो आणि गार्ड, ज्याला आता ट्रेन मॅनेजर म्हणतात, तो उत्तराला दाखवतो. आम्ही पोरं तो झेंडा म्हणजे टाटा समजायचो.

हे सगळं डोळ्यांनी बघून मोठी झालेली बाई मी, आणि चार अंगठ्यांवर विसंबून राहिले.

अंगठ्याचा अर्थ काय, मला खरंच कुणी सांगा. वाचलं? पटलं? मी जातो? दुसरं कुणीतरी जाईल, माझी हरकत नाही? एकाच ग्रुपमध्ये एकाच वेळी हे चारही अर्थ असतात आणि पाठवणारा त्यातला आपल्याला सोयीचा धरून पुढच्या कामाला लागतो. आपलं सोलापुरी ‘होय की’ आणि ‘बघू की’ त्यातलंच. मला आपली बोली फार प्रिय आहे, त्या ‘की’त माया आहे. पण कामाच्या जागी ‘करतो की’ म्हणजे कधी, कोण आणि झाल्यावर कळवणार कसं? आणि माझ्या मेसेजमधला ‘कुणीतरी’ तर सगळ्यात वाईट शब्द होता. कुणीतरी नावाचा माणूस आमच्या ऑफिसात नाही.

आता आमच्याकडे एक रीत पाडली आहे. धोक्याची किंवा वेळेची गोष्ट असेल तर ती नाव घेऊन सांगायची, आणि ऐकणाऱ्याने ती आपल्या शब्दांत परत बोलून दाखवायची. ‘सॅम्पल रूमच्या बोर्डाची मेन मी आत्ता पाडतो आणि तुम्हाला फोन करतो.’ एवढं आलं की सांगणं पुरं झालं. सुरुवातीला लोकांना अवघड वाटलं, पोरांना शाळेसारखं वाटलं. एका जुन्या सहकाऱ्यांना तर अपमान वाटला, म्हणाले, मला काय कळत नाही का. त्यांना मी वडिलांच्या आकड्यांची गोष्ट सांगितली. त्यांना पटायला महिना लागला. पण या रीतीने दुसराच एक फायदा झाला. गाडीचा नंबर, गाठींची संख्या, बिलावरचा पत्ता यातल्या चुका तिथल्या तिथे सापडायला लागल्या, कारण परत बोलून दाखवताना चूक कानाला खटकते.

लोक म्हणतात, सेफ्टीचं ट्रेनिंग घ्या. घ्या, जरूर घ्या. सिलिंडर वापरायला पाच मिनिटांत शिकता येतं. पिन ओढायची, नळी ज्वाळेवर नाही, आगीच्या बुडाशी धरायची, दांडा दाबायचा, डावीकडून उजवीकडे फिरवायचं. आपली पाठ दाराकडे ठेवायची, म्हणजे नाही विझली तर पळता येतं. तो सिलिंडर अर्धं मिनिटही पुरत नाही, त्यामुळे तेवढ्यात जमलं नाही तर बाहेर पडायचं आणि १०१ किंवा ११२ लावायचा. अग्निसुरक्षेचा महाराष्ट्राचा कायदा २००६ चा आहे. तो ज्यांना लागू आहे त्यांनी दर जानेवारी आणि जुलैमध्ये यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र द्यायचं असतं. आमच्या सिलिंडरवरचा दाबाचा काटा हिरव्या पट्ट्यातच होता. पण त्याच्यापुढे पोती आहेत, हे कुठल्याच प्रमाणपत्रात येत नाही. ते फक्त रोज तिथे वावरणाऱ्या माणसाला दिसतं, आणि ते माणूस म्हणजे मावशी.

इथे मला राग येतो, आणि तो माझ्यावरही आहे. ऑफिसात वास पहिल्यांदा कुणाला येतो? जिना ओला आहे, खिडकीची काच हलतेय, वायर सोललीय, लिफ्ट अधूनमधून मधेच थांबतेय, हे पहिल्यांदा कुणाला कळतं? झाडणाऱ्याला, पाणी भरणाऱ्याला, वॉचमनला. आणि आपण बोलण्याची सगळी वाट वरून खाली बांधलेली असते. सूचना, सर्क्युलर, मीटिंग, सगळं खाली जातं. खालून वर यायला एकच रस्ता असतो, ‘ताई, जरा ऐकता का?’ त्यावर आपण हसलो की तो रस्ता बंद. मावशींनी नंतर मला सांगितलं, “तुमी हासला, मला वाटलं माझंच काय तरी चुकलं. म्हणून परत नाय आले. म्हटलं आपणच बघू.” तळहात भाजला तो यामुळे. बोर्ड तर नंतरचा.

हसण्यावारी नेलेली वाक्यं फक्त विजेचीच नसतात. याआधीच्या एका नोकरीत एक मुलगी म्हणायची, “त्या सरांबरोबर मला गोडाऊनला पाठवू नका.” का, ते तिला नीट सांगता यायचं नाही. आम्ही म्हणायचो, ती जरा नाजूकच आहे. चार महिन्यांनी तिने नोकरी सोडली आणि का सोडली ते आम्हाला फार उशिरा कळलं. तेव्हा कामाच्या जागी बायकांच्या होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा झालेला होता, २०१३ चा. दहा किंवा जास्त माणसं असतील तिथे अंतर्गत समिती हवीच, तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत लेखी करायची, आणि जिला लिहिता येत नाही तिला लिहून द्यायला मदत करणं हे समितीचं काम आहे. दहापेक्षा कमी माणसं असतील तर जिल्ह्याची स्थानिक समिती असते. त्या नोकरीत समितीचा कागद भिंतीला लावलेला नव्हता. पण असता तरी, तिचं ते अर्धवट वाक्य ऐकून ‘म्हणजे काय गं, नीट सांग, मी बसते’ असं म्हणणारं माणूस आमच्यात नव्हतं. मी त्या आमच्यातच होते.

आमच्याकडचा प्रकार झाला आणि महिनाभरात, १८ मे २०२५ ला पहाटे, आमच्याच एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्याला आग लागली. आठ माणसं गेली. कामगार होते, मालकाच्या घरची माणसं होती, लहान लेकरू होतं. त्या आगीचं कारण काय, कुणाचं काय चुकलं, यावर मी बोलणार नाही, तो माझा अधिकार नाही. एवढंच सांगते की त्या सकाळी मावशी कामावर आल्या आणि काही न बोलता आधी मागच्या दाराशी गेल्या. कुलूप नाहीये ना, ते हाताने हलवून बघितलं. तेव्हापासून रोज बघतात. दुपारी चहाच्या आधी पुन्हा एकदा बघतात आणि मला येऊन सांगतात, “मागचं दार मोकळं हाय.” मी म्हणते, “मागचं दार मोकळं आहे, साडेतीन वाजले.” आणि वहीत लिहिते.

बाकी बदल थोडक्यात सांगते. सॅम्पलच्या खोलीत इस्त्रीला सोळा अँपियरची वेगळी जोडणी आहे, किटली पुढच्या खोलीत आणली, पोत्यांसाठी जमिनीवर पिवळी रेघ मारली. मेन पाडायला कुणाला विचारायचं नाही, शंका आली की कुणीही पाडावी, मावशींनीसुद्धा. साहेबांनी हे सगळ्यांसमोर सांगितलं आणि मावशींकडून परत बोलून घेतलं. जूनमध्ये एकदा त्यांनी खरंच पाडली. काही निघालं नाही, सगळ्यांचं अर्ध्या तासाचं काम गेलं. साहेब उठून त्यांच्यापाशी गेले आणि म्हणाले, “बरं केलं मावशी.” मला वाटतं, आमच्या ऑफिसात खरी सुधारणा त्या दिवशी झाली, कारण ते वाक्य चौदा जणांनी ऐकलं.

विजेच्या पेटीशेजारी आता एक कागद चिकटवलाय. त्यावर मोठ्या अक्षरांत चार ओळी आहेत. मराठीत ‘जळका वास’, तेलुगूत ‘कालुतुन्न वासना’, कन्नडमध्ये ‘सुट्ट वासने’, आणि आमच्या शिलाईवाल्या चाचांसाठी ‘जलने की बू’. खाली लिहिलंय, ‘यातलं काहीही ऐकलं तर आधी उठा.’ तो कागद पुण्याहून आलेल्या त्या मुलाने लिहिलाय, स्वतःहून, मावशींना शेजारी बसवून. तेलुगूचा उच्चार त्यांनी त्याच्याकडून तीनदा म्हणवून घेतला, आणि बरोबर आल्यावरच चिकटवू दिला.