एक्स्चेंजला देण्याआधी गाडी रंगवून घेऊ नका

पुण्यातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक सल्ला सध्या जोरात फिरतोय. थोडक्यात तो असा: जुनी गाडी एक्स्चेंजला देण्याआधी पूर्ण डेंटिंग-पेंटिंग करून घ्या. पंधरा-वीस हजार घाला, पन्नास हजार जास्त मिळतील. शोरूमवाले एकेका ओरखड्याचे पैसे कापतात. ताजा रंग दिसला की तपासणारा खोलात जात नाही. आणि इन्शुरन्स चालू असेल तर हे सगळं फुकटात होतं.

हे वाचून लोक खरोखर गाड्या गॅरेजला नेऊन लावतात. दसरा-पाडव्याच्या आधी तर रंगाऱ्याकडे नंबर लागतात. यात जाणारे पैसे बहुतेकदा निवृत्त माणसांचे असतात, नाहीतर हप्त्यावर नवीन गाडी घेणाऱ्या घरांचे. म्हणून सल्ल्यातला एकेक मुद्दा घेऊन लिहितो आहे.

आधी पंधरा घालून पन्नास मिळवण्याचा हिशोब. जुनी गाडी घेणारा डीलर किंमत ठरवतो ती उलट्या बाजूने. ही गाडी पुढच्या ग्राहकाला कितीला जाईल, तिथून तो सुरुवात करतो. मॉडेल, साल, पेट्रोल की डिझेल, किलोमीटर, तुम्ही पहिले मालक की दुसरे, यावर तो आकडा बसतो. त्यातून तो दुरुस्ती, ट्रान्सफरचा खर्च, आपला नफा आणि त्या नफ्यावरचा जीएसटी वजा करतो. (हा जीएसटी 2025 च्या जानेवारीपासून 18 टक्के झाला तेव्हा बरीच घबराट पसरली होती. तो नोंदणीकृत व्यापाऱ्याच्या नफ्यावर आहे, घरगुती गाडी विकणाऱ्यावर नाही.) म्हणजे रंगकामाला या सगळ्या गणितात जागा एकच, ती वजाबाकीची. शिवाय डीलर ते त्याच्या भावात धरतो. महिन्याला ढीगभर गाड्या एकाच रंगाऱ्याकडे पाठवणाऱ्या माणसाला पॅनलचा जो भाव मिळतो, तो तुम्हाला-मला मिळत नाही. समजा मागच्या दरवाजाचं काम तुम्हाला चार हजारांत पडलं आणि त्याला अडीच हजारांत पडलं असतं. तुम्ही चार हजार खर्चून त्याचे अडीच वाचवले. वरचे दीड हजार गेले, ते परत येत नाहीत.

आणि पुढचा ग्राहक किती देईल, ही वरची मर्यादा रंगाने हलत नाही. 22 सप्टेंबर 2025 पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 वर आला, सेसही गेला. नव्या गाड्या स्वस्त झाल्या, तसा जुन्यांच्या भावावरही दाब आला. चकचकीत बॉनेट पाहून त्यात कोणी भर घालत नाही. शोरूमला एक्स्चेंजमध्ये आलेली जरा जुनी गाडी बरेचदा तिथे राहतही नाही, ती ब्रोकरकडे जाते, आणि तो आपल्या ग्राहकाला हवं तसं काम पुन्हा आपल्या माणसाकडून करून घेतो.

एकेका ओरखड्याचे पैसे कापतात, हेही खरं नाही. पेठेत गाडी लावणाऱ्याला विचारा. सदाशिव-नारायणच्या बोळात, लक्ष्मी रोडच्या मागच्या गल्ल्यांत बंपरचे कोपरे कोरे राहत नाहीत. दुचाकीचं हँडल दरवाजाला घासतं, फुटरेस्ट मागच्या बंपरला लागतो. एमएच-12 असो की एमएच-14, सात-आठ वर्षं इथे चाललेल्या गाडीवर अशा खुणा असणारच, हे तपासणाऱ्याला माहीत असतं. वापराची झीज म्हणून तो त्या एका ओळीत नोंदवून पुढे जातो. पैसे कापले जातात ते फाटलेल्या बंपरचे, फुटलेल्या दिव्याचे, काचेला गेलेल्या तड्याचे. आणि मोठी कपात होते ती गाडीच्या सांगाड्याला मार बसला असेल तर.

इथूनच सल्ल्यातल्या सर्वांत घातक वाक्याकडे येतो: ताजा रंग दिसला की तपासणारा खोलात जात नाही. प्रत्यक्षात होतं ते याच्या अगदी उलटं.

गाडी तपासून भाव लावणाऱ्या इव्हॅल्युएटरच्या हातात रंगाची जाडी मोजणारं छोटं मीटर असतं. चांगला माणूस ते आधी छतावर टेकवतो, कारण छत क्वचितच पुन्हा रंगवलेलं असतं. तिथे जो आकडा येतो तो त्या गाडीचा मूळ रंग. कंपनीचा रंग साधारण शंभर-सव्वाशे मायक्रॉनच्या आसपास असतो. मग तो एकेक पॅनल घेत खाली येतो. मध्येच अडीचशे-तीनशे दिसलं की तिथे दुसऱ्यांदा रंग बसलाय. सातशे-आठशेच्या पुढे गेलं की रंगाखाली लांबी (पुट्टी) भरलेली आहे, म्हणजे पत्रा दबला होता. प्लास्टिकच्या बंपरवर हे मीटर चालत नाही, तिथे तो डोळ्यांवर भिस्त ठेवतो.

आणि मग तो थांबत नाही, तिथून खरा कामाला लागतो. दरवाजाचं रबर बोटाने ओढून आत बघतो, कंपनीत मारलेल्या स्पॉट वेल्डिंगचे गोल ठसे जागेवर आहेत का. बॉनेट उघडून फेंडरच्या बोल्टवर पाना लागल्याच्या खुणा शोधतो. काचांवरचे तारखेचे कोड एकमेकांशी ताडून पाहतो. डिकीतलं कार्पेट उचलून स्टेपनीच्या खड्ड्यात हात फिरवतो. हे सगळं त्याने कदाचित वरवर केलं असतं. नव्या रंगाने त्याला कारण दिलं.

आमच्या सहकारनगरच्या सोसायटीतल्या एका काकांची चंदेरी हॅचबॅक होती. मागच्या डाव्या दरवाजावर एक लांब ओरखडा, पार्किंगच्या खांबाला घासलेला. पत्रा दबलासुद्धा नव्हता. मेसेज वाचून त्यांनी गाडी गॅरेजला दिली. चंदेरी रंग जुळत नाही, म्हणून रंगाऱ्याने पुढचा दरवाजा आणि मागचं क्वार्टर पॅनलही (मागच्या चाकावरचा बाजूचा पत्रा) घेतलं. इव्हॅल्युएटर आला तेव्हा मी शेजारीच उभा होतो. मीटर क्वार्टर पॅनलवर आल्यावर त्याने विचारलं, "काका, इकडून ठोकली होती का?" काका म्हणाले, "नाही रे, नुसता ओरखडा होता." तो पोरगा उद्धट नव्हता, पण त्याच्यापुढे दुसरा इलाजही नव्हता. दरवाजा बोल्टवर असतो, बदलता येतो. क्वार्टर पॅनल बॉडीला वेल्ड केलेलं असतं, ते रंगवलेलं दिसलं की बाजूने मोठी धडक बसली असेल, ही शंका प्रत्येक तपासणारा घेतो. काकांकडे आधीचा एक फोटो नव्हता. फॉर्मवर "डावी बाजू रिपेंट" असं लिहिलं गेलं आणि भाव त्या हिशोबाने लागला. रंगाचे पैसे गेले ते वेगळेच.

ओरखडा उघडा असता तर तो किती खोल आहे, पत्रा दबलाय का, हे बघणाऱ्याला सरळ दिसलं असतं. रंगाखाली गेल्यावर त्याला फक्त अंदाज करता आला, आणि पैसे लावणारा माणूस अंदाज नेहमी आपल्या बाजूने करतो. त्यात त्याची लबाडी नाही. उद्या ती गाडी पुढच्या कुटुंबाला विकताना त्यालाच उत्तर द्यायचं असतं. लपवलेल्या अपघाताची गाडी घेऊन फसलेली माणसं पुण्यात थोडी नाहीत, म्हणून ही तपासणी कडक असावी असंच मला वाटतं.

आता "इन्शुरन्समध्ये फुकट". या एका शब्दाने लोकांचं सर्वांत जास्त नुकसान होतं, कारण ते लगेच दिसत नाही.

क्लेम न घेतलेल्या वर्षांसाठी नो क्लेम बोनस मिळतो: पहिल्या वर्षानंतर 20 टक्के, मग 25, 35, 45 आणि पाच वर्षांनंतर 50. ही सूट प्रीमियमच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागावर असते, थर्ड पार्टीच्या नाही. आणि हा बोनस गाडीचा नसतो, तुमचा असतो. गाडी विकली की विमा कंपनीकडून त्याचं पत्र मिळतं, ते तीन वर्षं चालतं, आणि नव्या गाडीच्या पॉलिसीला तो बोनस लावता येतो. नव्या गाडीची किंमत जास्त, म्हणून तिचा प्रीमियमही जास्त, म्हणजे हा बोनस सर्वांत मोलाचा असतो तो नेमका गाडी बदलताना. समजा नव्या गाडीच्या त्या भागाचा प्रीमियम चोवीस हजार आहे. पन्नास टक्के बोनस असेल तर बारा हजार वाचतात. जुन्या गाडीच्या दोन ओरखड्यांसाठी क्लेम टाकला की पुढचा बोनस शून्यावर येतो. बोनस सांभाळणारं वेगळं ॲड-ऑन तुम्ही घेतलं असेल तरच गोष्ट निराळी, आणि ते घेतलंय का हे पॉलिसीत बघा, एजंटच्या तोंडी शब्दावर जाऊ नका.

वरून प्रत्येक क्लेमला खिशातून भरायची रक्कम असतेच: 1500 सीसीपर्यंतच्या गाडीला हजार, त्यावर दोन हजार. झिरो डेप (घसारा न कापणारं ॲड-ऑन) नसेल तर प्लास्टिकच्या भागांचे निम्मे पैसे तुमचे, आणि बंपर प्लास्टिकचाच असतो. वेगवेगळ्या वेळी पडलेले ओरखडे हे वेगवेगळे क्लेम. "सगळं एकाच धडकेत झालं असं सांगा," असं गॅरेजमध्ये सहज सुचवतात. ते खोटं आहे, सही तुमची असते, आणि दोन बाजूंना दोन उंचीवरच्या खुणा एका अपघातात होत नाहीत हे विमा कंपनीच्या सर्व्हेयरला कळतं.

सल्ल्यात एक गोष्ट अर्धी बरोबर आहे, तीही सांगतो. गाडी शोरूमला न देता थेट घरगुती ग्राहकाला विकणार असाल तर दिसण्याला किंमत आहे. तो फोटो बघून फोन करतो, घरच्यांना घेऊन येतो. पण तिथेही पूर्ण रंग नको. गाडी आतून-बाहेरून नीट धुऊन घ्या, सीट साफ करा, पिवळे पडलेले हेडलाइट पॉलिश करा. ओरखड्यावरून नख फिरवा. नख अडकलं नाही तर तो क्लिअर कोटमध्येच, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरातच आहे, रबिंग-पॉलिशने बराचसा जातो आणि रंगाची जाडी फारशी हलत नाही. पत्रा उघडा पडला असेल आणि गाडी अजून एक पावसाळा तुमच्याकडेच राहणार असेल, तर तेवढ्या जागी टचअप करा, गंज धरला की काम वाढतं. पुढच्या काचेचा तडा मात्र विकायची असो वा नसो, लगेच बघा, तो तुमच्याच डोळ्यांसमोर आहे.

कुठलंही काम करावंच असं वाटलं, तर आधी फोटो काढा, तारखेसकट, जवळून आणि लांबून. बिल ठेवा. काकांकडे एवढं असतं तरी बोलायला जागा होती.

आणि निर्णय अंदाजाने घेऊच नका. गाडी आहे तशी धुऊन दोन-तीन ठिकाणी दाखवा: शोरूमचा एक्स्चेंज विभाग, जुन्या गाड्यांची एखादी कंपनी, बाणेर-वाकडकडचा एखादा डीलर. प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा: "हे दोन पॅनल चांगले असते तर किती दिले असते?" तो फरक आणि तुमच्या गॅरेजवाल्याचं कोटेशन शेजारी ठेवा. फरक मोठा निघाला तर जरूर काम करा, माझी काहीच हरकत नाही. बहुतेकदा निघत नाही. शोरूममध्ये जुन्या गाडीची किंमत, कंपनीचा एक्स्चेंज बोनस आणि नव्या गाडीवरचा डिस्काउंट हे तीन आकडे वेगवेगळे लिहून मागा. तिन्ही एकत्र करून सांगितले की जुन्या गाडीला नक्की काय मिळालं हे कधीच कळत नाही.

रंगाऱ्याकडे गाडी चार दिवस अडकवायची, तर ते चार दिवस कागदांना द्या. कर्ज फिटलेलं असूनही आरसीवर बँकेचं नाव असेल तर एनओसी आणि फॉर्म 35 घेऊन ते काढायला टाका. थकलेली ई-चलनं भरा, नाहीतर ट्रान्सफर तिथेच अडकते. पीयूसी, सर्व्हिसची बिलं, दुसरी किल्ली शोधून ठेवा. किल्ली हरवली असेल तर त्याचे पैसे नक्की कापतात, आणि आजच्या सेन्सरच्या किल्ल्या एका दरवाजाच्या रंगाहून महाग पडू शकतात. गाडी देताना मालकी बदलाच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या करा, ताबा दिल्याची पावती तारीख आणि वेळ टाकून घ्या, आणि आरसीवरचं नाव बदललं का ते एमपरिवहन ॲपवर बघत राहा.