बसचा दोष नाही, वाट चुकली: देवगडच्या सरांच्या प्रतिक्रियेला उत्तर

सर, नमस्कार.

क्रूझवरून मुरगावला उतरून बसने जुनं गोवं पाहिलं, त्या लेखावर तुम्ही लिहिलंत की पाच तासांत असं शहर उरकणं ही त्याची चेष्टा आहे, अशा सहली बंदच व्हायला हव्यात. शिवाय कोकणातल्या माणसाने नुसती चर्च मोजावीत आणि सप्तकोटेश्वराच्या देवळाचं नावही काढू नये, याचं तुम्हाला वाईट वाटलं. हा दुसरा मुद्दा मला लागला, कारण तो खरा आहे.

बसचं मात्र मला पटत नाही. माझी आई शहात्तर वर्षांची, दोन्ही गुडघे दुखरे. ती बस नसती तर जहाज बंदरात असेपर्यंत ती डेकवर खुर्ची टाकून बसली असती. त्याऐवजी बाँ जेझू चर्चच्या गारव्यात ती अर्धा तास शांत बसली. तो अर्धा तास मला मोलाचा वाटतो, आणि बसमधले निम्मे लोक तिच्याच वयाचे होते.

माझी तक्रार वेगळी आहे, आणि ती मूळ लेखातच यायला हवी होती. बंदराचं शहर दाखवायला नेलं आणि बंदरच दाखवलं नाही! से कॅथेड्रलपासून व्हाइसरॉयची कमान चालत काही मिनिटांवर. नवा व्हाइसरॉय, म्हणजे पोर्तुगीज राज्यपाल, नदीतून येऊन याच कमानीखालून शहरात शिरायचा. कमानीपुढे उतार, आणि तिथे मांडवी. धक्क्यावर उभं राहिलं की समोर दिवाडी. सप्तकोटेश्वराचं जुनं देऊळ त्याच बेटावर होतं. पोर्तुगीजांनी ते पाडल्यावर देव नदीपलीकडे डिचोलीतल्या नार्व्याला गेला आणि १६६८ साली शिवाजी महाराजांनी तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार केला. तुमचा सप्तकोटेश्वर, सर, दहा मिनिटं पाण्याकाठी उभं राहून सांगता आला असता. ती दहा मिनिटं काजूच्या दुकानात गेली.

आणखी एक. कुठ्ठाळीहून झुआरीचा पूल ओलांडला की आगशी, मग गोवा वेल्हा. कदंब राजांचं गोपकपट्टण ते हेच. अकराव्या शतकात पहिल्या जयकेशीने चंद्रपुराहून, म्हणजे आजच्या चांदरहून, राजधानी इथे आणली ती बंदरासाठीच. बस त्यातूनच जाते, थांबावंसुद्धा लागत नाही, नुसता माइक हातात घ्यायचा. आमचे गाइड तेव्हा जेवणाचं हॉटेल समजावून सांगत होते.

गाइड काही वाईट माणूस नव्हता, आईला हात धरून पायऱ्या चढवल्या त्याने. पण त्याचं शहर सुरू व्हायचं १५१० साली पोर्तुगीज सेनानी अल्बुकर्कपासून आणि संपायचं शेवटच्या चर्चच्या दारात. त्याआधी इथे आदिलशाहीचं एळा नावाचं शहर होतं, अल्बुकर्कने ते जिंकून घेतलं, हे एका वाक्यात सांगता आलं असतं. से कॅथेड्रलच्या परिसरात इन्क्विझिशनचा, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाचा, वाडा होता. १५६० साली सुरू झालेलं ते प्रकरण १८१२ मध्ये कायमचं बंद झालं. त्यावर चकार शब्द नाही. शहर ओस कसं पडलं, तेही नाही. पटकीच्या आणि तापाच्या साथी, खराब पाणी, गाळाने भरत चाललेली नदी. १७५९ मध्ये व्हाइसरॉय पणजीकडे सरकला, १८४३ मध्ये राजधानीही गेली. मग मागे उरली ती मुख्यतः चर्च. आज तिथे चर्चच का दिसतात, याचं उत्तर त्यात आहे, आणि ते कळलं तर तुमच्यासारख्यांचा राग निम्मा होईल.

तेव्हा सहल बंद करा असं मी म्हणणार नाही. एक चर्च कमी करा, धक्क्यावर न्या, आणि आगशीपासून बोलायला लागा. सहल नेणाऱ्यांना मी हे लेखी कळवलं आहे. मूळ लेखात कदंबांवरचा आणि नार्व्यावरचा मजकूर आज जोडला. व्हाइसरॉयच्या धक्क्यावरून दिसणाऱ्या दिवाडीचा फोटो माझ्याकडे नाही. तुमच्याकडे असेल तर पाठवा, तुमच्या नावासह लावतो.